न खाणाऱ्या बॉल पायथनचे घर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाळलेल्या बॉल पायथनने (हा आफ्रिकेतील एक बिनविषारी अजगर) अन्न नाकारले की बहुतेक पालक, म्हणजे साप पाळणारे, आधी उंदीर बदलतात, मग उंदराचा आकार, मग तो दाखवण्याची पद्धत, आणि सापाच्या पेटीकडे सर्वांत शेवटी पाहतात. माझ्या मते हा क्रम नेमका उलटा असायला हवा. म्हणून या पानावर घराविषयीचे प्रश्न आधी आणि खाण्याविषयीचे प्रश्न नंतर घेतले आहेत. साप पिल्लू असेल तर मात्र प्रश्न १६ आधी वाचावा, आणि त्याच्या श्वासाचा आवाज येत असेल किंवा तोंडात फेस दिसत असेल तर थेट प्रश्न २१ कडे जावे.

१. नवा बॉल पायथन घरी आणल्यापासून काहीच खात नाही. हे नेहमीचे आहे का?

होय, अगदी नेहमीचे आहे. प्रवास, अनोळखी वास, बदललेले तापमान आणि माणसांची ये-जा यांमुळे नव्या जागी आलेला साप काही दिवस, कधी काही आठवडेही, अन्नाकडे पाहत नाही. पहिला आठवडाभर त्याला हातात घेऊ नये आणि खायलाही देऊ नये. रोज पाणी बदलावे, तापमान तपासावे आणि त्याला एकटे सोडावे. नवा साप सर्वांना दाखवण्याची हौस समजण्यासारखी आहे, पण या दिवसांत त्या हौसेची किंमत सापाला मोजावी लागते. साप मोठा आणि अंगाने भरलेला असेल तर एवढ्या उपवासाने त्याला धोका होत नाही.

२. साप न खाण्याचा आणि त्याच्या घराचा एवढा संबंध का असतो?

बॉल पायथन, म्हणजे पायथन रेजियस, हा आफ्रिकेत सेनेगलपासून युगांडापर्यंतच्या गवताळ आणि विरळ झाडीच्या प्रदेशात राहणारा साप आहे. दिवस तो कुरतडणाऱ्या प्राण्यांच्या बिळांत किंवा सोडून दिलेल्या वारुळांत काढतो आणि अंधार पडल्यावर भक्ष्याची वाट पाहत दबा धरून बसतो. त्याला विष नाही, वेगही नाही. धोका जाणवला की डोके मध्ये घेऊन अंगाचा घट्ट गोळा करणे हाच त्याचा मुख्य बचाव आहे. भक्ष्य गिळत असताना त्याला ना पळता येते ना गोळा करता येतो. त्यामुळे जिथे आपण उघडे पडलो आहोत असे त्याला वाटते, तिथे तो भक्ष्यावर झेप घेण्याचे टाळतो.

दुसरे कारण पचनाचे आहे. सापाच्या शरीराला स्वतःची ऊब पुरेशी निर्माण करता येत नाही. बाहेरून ऊब मिळाली नाही तर गिळलेला उंदीर पोटात पचण्याआधी कुजू लागतो. थंड पेटीतल्या सापाने अन्न नाकारणे हा हट्ट नसून त्याच्या शरीराचा योग्य निर्णय असतो.

३. पेटी किती मोठी असावी? मोठ्या पेटीत बॉल पायथन घाबरतो, हे खरे आहे का?

पूर्ण वाढलेल्या सापासाठी १२० सेंटिमीटर लांब, ६० सेंटिमीटर रुंद आणि ६० सेंटिमीटर उंच ही पेटी किमान समजावी. प्रौढ मादी साधारण १२० सेंटिमीटर किंवा त्याहून लांब होते, नर सहसा तिच्यापेक्षा लहान राहतो. पण दोघांनाही अंग सरळ ताणून झोपता येईल एवढी जागा मिळायला हवी. उंचीही वाया जात नाही. जंगलात लहान साप आणि नर झाडांवर चढून पक्षी खातात असे आढळले आहे, त्यामुळे एक-दोन जाड, घट्ट बसवलेल्या फांद्या पेटीत असाव्यात.

मोठ्या पेटीविषयीचा समज अर्धाच खरा आहे. साप घाबरतो तो रिकाम्या जागेला, मोठ्या जागेला नव्हे. मोठ्या पेटीच्या मध्यभागी उघडे मैदान असेल तर साप एका कोपऱ्यात दडून बसतो आणि खात नाही. तीच पेटी सालींचे तुकडे, कृत्रिम वेली, सुकी पाने आणि फांद्या यांनी इतकी भरली की सापाला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आडोशाआडून जाता यावे, तर तो हिंडू लागतो. पिल्लासाठी सुरुवातीला लहान पेटी घेणे सोयीचे असते, कारण ती भरणे आणि तिचे तापमान सांभाळणे सोपे जाते.

४. काचेची पेटी चालेल का?

चालते, पण तिच्यात दोन दोष असतात आणि दोन्ही दूर करावे लागतात. पहिला दोष असा की चारही बाजूंनी आरपार दिसते. मागची आणि दोन्ही बाजूंची काच बाहेरून काळ्या कागदाने किंवा फोमच्या पत्र्याने झाकावी. दुसरा दोष जाळीच्या झाकणाचा, ज्यातून ऊब आणि ओलावा दोन्ही सतत निघून जातात. जाळीचा बराचसा भाग झाकून हवेसाठी थोडा भाग मोकळा ठेवावा. मात्र दिव्याच्या किंवा हीटरच्या जवळ जळू शकणारे काहीही ठेवू नये. नवी पेटी घ्यायचीच असेल तर बंद बाजूंची, समोरून दार असलेली पीव्हीसीची पेटी मी आधी सुचवेन. वरून येणारा हात सापाला शिकारी पक्ष्यासारखा वाटतो, समोरून येणारा हात त्यापेक्षा कमी घाबरवतो. दाराला कुलूप हवेच, कारण बॉल पायथन फटी शोधण्यात चिकाटीचा असतो.

५. तापमान किती असावे आणि ते नेमके कुठे मोजावे?

पेटीची एक बाजू उबदार आणि दुसरी थंड असावी, म्हणजे सापाला स्वतःच्या गरजेप्रमाणे जागा बदलता येते. उबदार बाजूला साप जिथे प्रत्यक्ष अंग टेकतो त्या पृष्ठभागाचे तापमान ३१ ते ३३ अंश सेल्सिअस, थंड बाजूची हवा २४ ते २७ अंश, आणि रात्री पेटीतली कोणतीही जागा २२ अंशांच्या खाली जाऊ नये, हे आकडे धरून चालावे.

बहुतेक चुका आकड्यांत नसून मोजण्यात होतात. काचेवर चिकटवलेला काट्याचा गोल तापमापक काचेचे तापमान सांगतो, सापाच्या पोटाखालचे नाही, आणि तोही बहुधा चुकीचा. वायरीच्या टोकाला संवेदक असलेले दोन डिजिटल तापमापक घ्यावेत. एकाचा संवेदक उबदार बाजूच्या लपणाच्या (लपण्याच्या जागेच्या) आत तळाशी आणि दुसऱ्याचा थंड बाजूला ठेवावा. पृष्ठभाग तपासण्यासाठी इन्फ्रारेड तापमापक फार उपयोगी पडतो. सकाळी, दुपारी आणि मध्यरात्रीनंतर असे तीन वेळा आकडे टिपावेत. दिवसा सर्व काही ठीक दिसणारी पेटी पहाटे १९ अंशांवर येत असेल, तर सापाच्या न खाण्याचे कारण तिथेच सापडते.

६. उष्णतेसाठी कोणते साधन चांगले? थर्मोस्टॅट खरोखर लागतो का?

थर्मोस्टॅटशिवाय, म्हणजे ठरवलेले तापमान आपोआप राखणाऱ्या यंत्राशिवाय, कोणतेही उष्णतेचे साधन लावू नये, आणि या नियमाला एकही अपवाद नाही. नियंत्रण नसलेली हीट मॅट (विजेवर तापणारी चटई) ४५ अंशांच्याही पुढे जाऊ शकते. बॉल पायथन पोट भाजत असतानाही जागेवरून हलत नाही असे अनेकदा दिसून येते, आणि भाजलेल्या पोटाच्या जखमा भरायला महिने लागतात.

पेटीतील हवा गरम करायची असेल तर वरून सिरॅमिक हीटर, डीप हीट प्रोजेक्टर किंवा रेडियंट हीट पॅनल लावावे. ही तिन्ही साधने प्रकाश देत नाहीत, म्हणून रात्रीही चालू ठेवता येतात. दिवसा ऊब देण्यासाठी हॅलोजन दिवा उत्तम आहे, तो थर्मोस्टॅटसह वापरताना प्रकाश मंद करू शकणारा थर्मोस्टॅट घ्यावा. हीट मॅट फक्त पृष्ठभाग तापवते, हवा नाही. त्यामुळे खोली थंड असेल तर एकटी मॅट पुरत नाही. पेटीच्या आत असलेल्या प्रत्येक गरम साधनाभोवती जाळीचे कुंपण हवे. वीज लावून तापणारे नकली दगड मात्र कोणत्याही पेटीत ठेवू नयेत. त्यांची उष्णता एकाच ठिकाणी साठते आणि साप त्यावर वेटोळे घालून भाजतो.

७. लपण्याच्या जागा किती आणि कशा असाव्यात?

किमान दोन, आणि दोन्ही शक्यतो सारख्याच. एक उबदार बाजूला, एक थंड बाजूला. एकच लपण असेल तर सापाला ऊब किंवा आडोसा यांपैकी एकाची निवड करावी लागते. तो बहुधा आडोसा निवडतो, थंडीत पडून राहतो आणि खात नाही.

लपण अंगाला चिकटेल इतके घट्ट असावे. वेटोळे घातलेल्या सापाची पाठ छताला आणि अंग दोन्ही भिंतींना लागले पाहिजे, आणि तोंड एकच व लहान असावे. शोभेची अर्धगोल लाकडी खोडे, ज्यांची दोन्ही टोके उघडी असतात, ती पायरी म्हणून ठीक आहेत, लपण म्हणून नाहीत. उलटा ठेवलेला, बाजूला दार कापलेला अपारदर्शक प्लास्टिकचा डबा दिसायला साधा असतो, पण कित्येक महागड्या गुहांपेक्षा तो सापाला जास्त पटतो. कडा घासून गुळगुळीत कराव्यात. साप वाढला की लपणही बदलावे लागते, याचा पुष्कळांना विसर पडतो. न खाणाऱ्या सापाच्या घरात फक्त एकच बदल करायला वेळ असेल, तर मी हाच करेन.

८. आर्द्रता किती हवी? हवेत ओलावा ठेवला तर तळ भिजतो, मग काय करावे?

६० ते ८० टक्के आर्द्रता योग्य आहे. आर्द्रता कमी पडली तर कात तुकड्यातुकड्यांनी निघते, साप कोरडा पडतो आणि त्याची भूक मंदावते. मात्र तळाचा वरचा थर ओला राहिला तर पोटावरील खवल्यांना संसर्ग होऊन ते तांबूस-तपकिरी पडतात आणि फोड येतात. दोन्ही सांभाळण्याचा मार्ग असा की वरून फवारा मारण्याऐवजी पेटीच्या कोपऱ्यांत थोडे थोडे पाणी ओतावे, म्हणजे खालचा थर ओला आणि वरचा कोरडा राहतो. त्यासाठी तळाचा थर ८ ते १० सेंटिमीटर जाड असावा लागतो. पसरट पाण्याचे भांडे आणि झाकलेली जाळी यांचीही मदत होते. आर्द्रता डिजिटल मापकानेच मोजावी.

९. तळाशी काय घालावे?

कोकोपीट, सायप्रसच्या लाकडाचे तुकडे, किंवा कोकोपीट आणि माती यांचे मिश्रण. सिडार आणि पाइनचा भुसा कधीही वापरू नये, कारण त्यांतील सुगंधी तेले सापाच्या श्वसनमार्गाला अपाय करतात. अस्पेनचा भुसा सुरक्षित आहे, पण ओलाव्यात त्याला बुरशी येते, म्हणून बॉल पायथनच्या आर्द्रतेला तो जुळत नाही. नव्या सापाला विलगीकरणाच्या काळात, म्हणजे साधारण ६० ते ९० दिवस, साध्या टिपकागदावर ठेवावे. त्यावर माइट (अंगावरचे बारीक परजीवी) आणि विष्ठेतील बदल लगेच दिसतात.

१०. प्रकाश आणि यूव्हीबी दिवा लागतो का?

दिवस-रात्र कळण्यासाठी रोज सुमारे १२ तास प्रकाश आणि १२ तास पूर्ण अंधार असावा. यूव्हीबीशिवायही (हा अतिनील किरणांचा एक प्रकार) हा साप जगतो आणि खातो. सौम्य क्षमतेचा यूव्हीबी दिवा दिल्यास चांगलेच, मात्र पेटीत सावली पुरेशी हवी. रात्री लाल किंवा निळा दिवा लावू नये. तो प्रकाश सापाला दिसतो, आणि रात्र न झालेल्या पेटीत रात्रीचा शिकारी बाहेर पडत नाही.

११. घर नीट केले. आता खायला कधी आणि कसे द्यावे?

बदल केल्यानंतर पूर्ण सात दिवस थांबावे. या काळात सापाला हात लावू नये आणि पेटीतील मांडणी पुन्हा बदलू नये. रोज काही ना काही सुधारत राहणारा पालक सापाला रोज नव्या घरात टाकत असतो. त्यानंतर अंधार पडल्यावर, खोलीतील दिवे मंद करून, भक्ष्य लांब चिमट्याने धरून लपणाच्या तोंडाशी न्यावे. सापाचे डोके बाहेर आणि मान इंग्रजी एस अक्षरासारखी वळलेली दिसली, तर तो शिकारीच्या पवित्र्यात आहे असे समजावे.

भक्ष्य सापाच्या तोंडावर आदळवू नये. काही सेंटिमीटर अंतरावर हळू हलवावे, थांबावे, पुन्हा हलवावे. दोन-तीन मिनिटांत प्रतिसाद नाही मिळाला तर ते लपणाच्या तोंडाशी ठेवून दिवा बंद करून निघून जावे. लाजाळू साप रात्री एकांतात ते खातात. सकाळी उरलेले भक्ष्य टाकून द्यावे आणि पुढचा प्रयत्न ७ ते १० दिवसांनीच करावा. रोज उंदीर दाखवल्याने भूक वाढत नाही, भीती वाढते.

१२. भक्ष्य किती मोठे आणि किती दिवसांनी?

सापाच्या अंगाच्या सर्वांत जाड भागाइतके जाड भक्ष्य हा सोपा ठोकताळा आहे. पिल्लांना दर सात दिवसांच्या आसपास, अर्धवट वाढलेल्यांना १० ते १४ दिवसांनी, आणि प्रौढांना तीन ते चार आठवड्यांनी एकदा पुरते. प्रौढ साप दर आठवड्याला देऊ केलेले नाकारतो अशी तक्रार असेल, तर बहुधा तो उपाशी नसून त्याचे पोट भरलेले आहे. न खाणाऱ्या सापाला नेहमीपेक्षा एक आकार लहान भक्ष्य देऊन सुरुवात करावी.

१३. गोठवलेला उंदीर कसा तयार करावा? जिवंत दिला तर काय बिघडते?

गोठवलेला उंदीर पिशवीत बंद करून रात्रभर फ्रिजच्या खालच्या भागात वितळू द्यावा, आणि देण्यापूर्वी त्याच पिशवीत कोमट-गरम पाण्यात ठेवून त्याचे अंग ३८ ते ४० अंशांपर्यंत तापवावे. बॉल पायथनच्या ओठांवर उष्णता ओळखणारे खळगे असतात. गार उंदीर त्याला भक्ष्य म्हणून नीट दिसतच नाही. डोके अंगापेक्षा किंचित गरम असले तर झेप योग्य जागी बसते. उंदीर कोरडा करून द्यावा. मायक्रोवेव्हमध्ये तापवू नये, कारण तो आतून असमान शिजतो आणि फुटतो. एकदा वितळलेला उंदीर पुन्हा गोठवू नये.

भूक नसलेल्या सापाजवळ सोडलेला जिवंत उंदीर सापालाच कुरतडतो, आणि पाठीचा कणा उघडा पडेपर्यंत झालेल्या जखमा पशुवैद्यांकडे येतात. जिवंत भक्ष्य देण्यावाचून गत्यंतर नसेल तर समोर बसून राहावे आणि १५ मिनिटांत साप पुढे आला नाही तर उंदीर काढून घ्यावा.

१४. माझा साप फक्त जिवंत उंदीर खातो. त्याला गोठवलेल्याची सवय कशी लावावी?

आधी त्याला तो जे खातो त्यावर नियमित होऊ द्यावे. उपवास करणाऱ्या सापाला त्याच वेळी नवे अन्न शिकवू नये. सलग तीन-चार वेळा खाल्ल्यानंतर, एका जेवणाची वेळ थोडी लांबवून, नीट तापवलेले भक्ष्य प्रश्न ११ मधील पद्धतीने द्यावे. जिवंत उंदरांच्या पिंजऱ्यातील वापरलेले अंथरूण त्याला चोळल्यास वासाची मदत होते. माइसवर (लहान जातीच्या उंदरांवर) वाढलेला साप रॅट (मोठ्या जातीचा उंदीर) ओळखत नसेल तर रॅटला माइसचा वास लावावा. काही साप आफ्रिकी मऊ केसांच्या उंदरांना पटकन प्रतिसाद देतात, कारण ते त्यांच्या मूळ प्रदेशातले भक्ष्य आहे. पण त्याची चटक लागली आणि तो उंदीर नियमित मिळेनासा झाला तर नवीच अडचण उभी राहते, म्हणून हा उपाय मी शेवटी ठेवेन.

१५. साप किती काळ उपाशी राहू शकतो? कधी घाबरावे?

निरोगी प्रौढ बॉल पायथन काही महिने न खाता राहू शकतो आणि त्यातून सुखरूप बाहेर येतो. दिवस मोजण्यापेक्षा वजन मोजावे. ग्रॅममध्ये दाखवणारा स्वयंपाकघरातला डिजिटल काटा आणि झाकणाचा डबा एवढे साहित्य पुरते. दर दोन आठवड्यांनी, शक्यतो त्याच वेळी, वजन करून तारखेसह लिहावे. विष्ठा टाकल्यावर वजन एकदम उतरते, त्याचा अर्थ चुकीचा काढू नये. उपवास सुरू होतानाच्या वजनापैकी १० टक्के वजन घटले, पाठीचा कणा वर दिसू लागला किंवा कातडीला सैल घड्या पडू लागल्या, तर थांबू नये आणि सरीसृपांचा अनुभव असलेल्या पशुवैद्यांकडे जावे.

१६. अंड्यातून निघाल्यापासून पिल्लाने काहीच खाल्लेले नाही. त्यालाही थांबू द्यावे का?

नाही, पिल्लाच्या बाबतीत एवढा संयम धोक्याचा ठरतो, कारण त्याच्याकडे साठवलेली चरबी थोडी असते. पिल्लू साधारणपणे पहिली कात टाकल्यावर खायला तयार होते. ते नाकारत असेल तर त्याला झाकणाला छिद्रे असलेल्या, टिपकागद घातलेल्या लहान अपारदर्शक डब्यात, घट्ट लपणासह आणि योग्य तापमानात ठेवावे, आणि दर पाच-सहा दिवसांनी लहान, नीट तापवलेले भक्ष्य रात्रभर ठेवून पाहावे. पहिल्या कातेनंतर चार ते सहा आठवडे उलटूनही त्याने काहीच घेतले नाही, किंवा त्याआधीच वजन घसरले, तर पशुवैद्य किंवा अनुभवी प्रजननकर्त्याची मदत घ्यावी. जबरदस्तीविषयी प्रश्न २० पाहावा.

१७. दरवर्षी ठरावीक महिन्यांतच खाणे बंद होते. घरात काही चुकत आहे का?

बहुधा नाही. प्रौढ नर प्रजननाच्या हंगामात, म्हणजे थंड आणि लहान दिवसांच्या काळात, मादीच्या शोधात अस्वस्थ होतात आणि आठवडेच्या आठवडे खात नाहीत. पेटीत मादी नसली तरी हे घडते. मादीही अंडी तयार होत असताना खाणे सोडते, थंड बाजूला जाऊन बसते आणि पाण्याच्या भांड्याभोवती वेटोळे घालते. नर कधीच जवळ नव्हता म्हणून ही शक्यता बाजूला टाकू नये. सेंट लुईस प्राणिसंग्रहालयातील साठी ओलांडलेल्या एका बॉल पायथन मादीने १५ वर्षांहून अधिक काळ नराचा सहवास नसताना २०२० मध्ये सात अंडी घातली होती. तापमान योग्य असेल आणि वजन टिकून असेल तर असा उपवास आपोआप सुटतो. कात टाकण्याआधीचा नकारही असाच नैसर्गिक आहे: डोळे निळसर-धुरकट झाले की कात पूर्ण निघेपर्यंत अन्न देऊच नये.

१८. लहान डब्यात तो नीट खात होता. मोठी, सुंदर पेटी दिल्यावर खाणे बंद झाले. पुन्हा लहान डब्यात ठेवावे का?

हा प्रश्न अवघड आहे आणि त्यावर टोकाची मते आहेत. माझे उत्तर असे की आधी मोठी पेटी प्रश्न ३ आणि ७ प्रमाणे भरावी, त्याच्या जुन्या डब्यातील लपण आणि मूठभर जुना तळथर तिच्यात ठेवावा, आणि चार ते सहा आठवडे द्यावेत. प्रौढ सापाला एवढा काळ परवडतो. वजन १० टक्क्यांच्या दिशेने उतरू लागले तर तात्पुरते लहान जागेत ठेवून त्याचे खाणे सुरू करण्यात कमीपणा नाही. पण तो खाऊ लागला म्हणून आयुष्यभर त्याला अंग ताणता येणार नाही अशा डब्यात ठेवणे योग्य नाही. खाणे हे समाधानाचे एक लक्षण आहे, एकमेव लक्षण नव्हे. खाणे नियमित झाले की तोच डबा, दार उघडे ठेवून, मोठ्या पेटीत लपण म्हणून ठेवावा.

१९. दोन साप एकत्र ठेवले तर चालेल का? खाण्यासाठी वेगळ्या डब्यात न्यावे का?

दोन्हींचे उत्तर नाही असेच आहे. बॉल पायथन एकटा राहणारा प्राणी आहे. एकमेकांवर वेटोळे घालून बसलेले दोन साप प्रेमाने नव्हे तर एकाच चांगल्या जागेसाठी तसे बसतात, आणि त्यांतला दुबळा हळूहळू खाणे सोडतो. खाण्यासाठी डबा बदलल्यास सापाला आधी हाताळणीचा ताण येतो, आणि खाल्ल्यानंतर लगेच उचलल्यास तो भक्ष्य ओकू शकतो. खाल्ल्यावर किमान ४८ तास त्याला हातात घेऊ नये. ओकलाच, तर दोन आठवडे काहीही न देता तापमान तपासावे आणि नंतर नेहमीपेक्षा बरेच लहान भक्ष्य द्यावे. पुन्हा ओकला तर पशुवैद्यांना दाखवावे.

२०. तोंड उघडून जबरदस्तीने भरवावे का?

घरी, स्वतःच्या निर्णयाने, कधीही नाही. जबरदस्तीने भरवताना दात मोडतात, अन्ननलिकेला इजा होते, आणि भक्ष्य म्हणजे संकट अशी सापाची धारणा पक्की होते. जगण्यासाठी भरवणे आवश्यकच असेल तर तो निर्णय पशुवैद्यांनी घ्यावा आणि पहिली वेळ त्यांच्या हातून व्हावी.

२१. न खाण्यामागे आजार आहे हे कसे ओळखावे?

श्वास घेताना शिट्टीसारखा किंवा घरघर आवाज, नाकातोंडाशी बुडबुडे, चिकट लाळ, तोंड उघडे ठेवून किंवा डोके वर धरून श्वास घेणे ही श्वसनसंसर्गाची लक्षणे आहेत. हिरड्यांवर लाली किंवा पिवळट थर दिसल्यास तोंडात संसर्ग असतो आणि झेप घेऊन सोडून देणाऱ्या सापात तो आधी तपासावा. डोळ्यांभोवती किंवा हनुवटीच्या घडीत हलणारे काळे ठिपके, पाण्याच्या भांड्यात तसेच ठिपके आणि साप सतत पाण्यात बसणे म्हणजे माइट. डोके वाकडे होणे, उताणे पडल्यावर सरळ न होता येणे ही मज्जासंस्थेच्या आजाराची खूण आहे. स्पायडर नावाच्या रंगप्रकारात मात्र डोके डुलणे जन्मजात असते. अशा सापाची झेप चुकते, म्हणून भक्ष्य स्थिर धरून द्यावे.

बॉल पायथनमध्ये २०१४ पासून ओळखला गेलेला सर्पेंटोव्हायरस, ज्याला आधी नायडोव्हायरस म्हणत, हा वरवर निरोगी दिसणाऱ्या सापातही असू शकतो आणि त्याचे निदान फक्त चाचणीने होते. घर योग्य असूनही श्वासाची लक्षणे पुन्हा पुन्हा येत असतील तर ही चाचणी आग्रहाने करून घ्यावी. पशुवैद्यांकडे जाताना वजनाची नोंद, तापमान आणि आर्द्रतेचे तीन वेळचे आकडे, शेवटच्या खाल्ल्याची आणि कात टाकल्याची तारीख, पेटीची छायाचित्रे आणि शक्य असल्यास ताजी विष्ठा सोबत न्यावी. साप कापडी पिशवीत गाठ मारून, ती पिशवी बंद डब्यात ठेवून, उबदारपणे न्यावा.